बारा हजार तोंडांचं गाऱ्हाणं

माझ्या मोबाइलमध्ये बाबांचा एक व्हिडिओ आहे, दोन मिनिटं आणि वर काही सेकंदांचा. तो मी कुठे टाकला नाही, कुणाला दाखवलाही नाही. मोबाइल भरला की मी वड्यांचे, सोलकढीचे, मसाल्याच्या बरण्यांचे शंभर व्हिडिओ एका दमात उडवते, पण याच्यावर बोट जात नाही. का, ते सांगते. सांगितल्यानं पाप धुतलं जात नाही हे मला ठाऊक आहे, पण पोटात ठेवून ते जिरतही नाही.

आम्ही लालबागला राहतो. चाळीचा तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. बाबा गिरणीत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न मोडून परत आले, काही वर्षं एका ऑफिसात काम केलं, आणि ते ऑफिस एक दिवस गाशा गुंडाळून बंगलोरला निघून गेलं. मग मी मालवणी मसाला करून विकायला लागले. आईचं प्रमाण माझ्याकडे होतं आणि मसाला कुटायचा डंक दोन गल्ल्या सोडून होता. मसाला चांगला होता. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पुढच्या कुठल्याच गोष्टीबद्दल मला तसं सांगता येणार नाही.

चांगला होता, पण खपत नव्हता. तेव्हा दादरला एका हॉलमध्ये बायकांसाठी शिबिर होतं, घरगुती धंद्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ कसे करायचे त्याचं. शिकवणारी मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. ती म्हणाली, "ताई, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. बरणी काय, कोणीही दाखवेल. तुमची स्टोरी काय आहे?" मी शहाण्या मुलीसारखं ते वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन स्टोरी शोधायला लागले. दहा बाय बाराच्या खोलीत शोधून शोधून किती शोधणार? एक मी आणि एक बाबा.

बाबा गाऱ्हाणं घालायचे. आमच्या कोकणातल्या माणसांचं काही नवं सुरू व्हायचं असो, काही अडलेलं असो, देवापुढे नारळ ठेवतात आणि घरातला नाहीतर वाडीतला एक जाणता माणूस उभा राहून देवाला सगळं मोठ्यानं सांगतो. मागे उभे असलेले लोक त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या चाळीत हे काम बाबांचं. कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळे नारळ घेऊन आमच्या दारात. दक्षिणा वगैरे काही नाही. बाबांचा हट्ट एकच, की मागे निदान पाच तोंडं हवीत.

"एकट्याचा गाऱ्हाणा म्हणजे तिकीट न लावलेला पत्र," ते म्हणायचे. "जाता, पण पोचात ह्येचो भरवसो नाय."

आणि त्यांना मोघम सांगणं मान्य नव्हतं. सगळ्यांचं भलं कर, हे म्हणजे साहेबाला कोऱ्या कागदावर अर्ज दिल्यासारखं झालं, असं त्यांचं मत. त्यामुळे गाऱ्हाण्यात बारीकसारीक सगळं यायचं. एकदा एका मुलाच्या परीक्षेसाठी त्यांनी पेनाची शाई मध्येच संपू नये म्हणूनही देवाला बजावलं होतं. कुणी हसलं नव्हतं. तेव्हा कुणी हसायचं नाही.

उन्हाळ्यात मसाल्याचा पहिला मोठा घाणा डंकावरून कुटून आणला, तेव्हा बाबांनी आपणहून गॅलरीत नारळ ठेवला. पाच तोंडं जमली. त्यात शेजारच्या खोलीतले काका होते. बाबा आणि ते एकाच खात्यात, एकाच पाळीत, आणि गावंही खाडीच्या अलीकडची-पलीकडची. काकांचा आवाज असा की एकटे 'व्हय म्हाराजा' म्हणाले तरी खालच्या वाण्याला कळायचं की वर गाऱ्हाणं चाललंय. मी मोबाइल पायरीवर उभा करून ठेवला.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आज ह्या तुज्या चेडवान मसाल्याचो धंदो काढलो हा."

"व्हय म्हाराजा!"

"मसाल्यात अळी पडा नको, बरणीचा झाकण सैल रवा नको."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण मोबाईलार नुसतो भाव इचारता आणि मगे गप बसता, तेका घेवची बुदी दी म्हाराजा!"

शेवटच्या वाक्याला काकांचा 'व्हय म्हाराजा' असा काही दणदणीत निघाला की मला तेव्हाच कळलं, हेच ते तीन सेकंद.

मी तेवढाच तुकडा कापला. त्याच्यामागे लोक खोखो हसत असल्याचा एक तयार आवाज मिळतो, तो लावला. वर लिहिलं, 'भाव विचारून गायब होणाऱ्यांसाठी'. संध्याकाळी टाकला आणि सकाळपर्यंत माझा मसाला पार कुठल्या कुठल्या गावांत पोचला. ऑर्डरी लिहून घ्यायला वही पुरेना.

बाबांना तो दाखवायला हवा होता. मी काय केलं, तर हसण्याचा आवाज काढून टाकून एक वेगळा व्हिडिओ केला आणि तो दाखवला. बाबांसाठी एक, जगासाठी एक. हे करताना मला जराही वाईट वाटलं नाही, उलट आपण किती सांभाळून घेतो म्हणून मीच माझी पाठ थोपटली. बाबांनी चष्मा पुसून तो चार वेळा पाहिला. मग खालच्या लाल बदामावर बोट ठेवून विचारलं, "ह्या काय?"

"ज्यांना आवडलं ते ते दाबतात."

"म्हणजे?"

मला घाई होती, पार्सलं बांधायची होती. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं 'व्हय म्हाराजा' म्हटल्यासारखंच, बाबा."

"किती जणांनी म्हटला?"

"बारा हजार."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग गॅलरीत जाऊन काकांना सांगून आले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर असं काही होतं, जे गिरणी बंद झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं. जन्मभर पाच तोंडं गोळा करताना ज्यांची दमछाक झाली, त्यांना एका सकाळी बारा हजार मिळाली होती. माझी जीभ तेव्हाच वळायला हवी होती. मी पार्सलं बांधत बसले.

त्यानंतर आठवड्याला एक गाऱ्हाणं. कुरियरवाल्यासाठी, गॅस सिलिंडरसाठी, 'कमी तिखट पाठवा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. बाबा स्वच्छ लेंगा-सदरा घालायचे, टोपी नीट करायचे आणि मनापासून देवाला सांगायचे. मी मागून हसू लावायचे. मासळी बाजारात कुणीतरी त्यांना "ओ काका, गाऱ्हाणेवाले!" म्हणून हाक मारली, त्याच्यासोबतची माणसं दात काढत होती. बाबांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी हात जोडले. मी बाजूला पिशवी घेऊन उभी होते, माझे कान तापले, पण पुढच्या आठवड्यात मी परत मोबाइल लावला. गरज होती, हे खरं. नुसती गरजच होती असं मात्र नाही. ओळखीच्या बायका विचारायच्या, "काय गं, पुढचा कधी?" आणि मला ते आवडायचं.

श्रावणात काकांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांना परळच्या हॉस्पिटलात दाखल केलं, आणि आदल्या दिवशी दुपारी काकी नारळ घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावजीनू, उद्या सकाळी तेंका आत नेतले. तेवढा गाऱ्हाणा घालशात?"

एरवी बाबा लगेच उठून गॅलरीत हाका मारत सुटले असते. पण चाळ आता अर्धी रिकामी झालीय. पुनर्बांधणीची नोटीस लागल्यापासून लोक भाड्यानं दुसरीकडे गेलेत. जुन्यांपैकी दोघांना जिना चढवत नाही आणि सगळ्यात मोठा आवाज तर हॉस्पिटलातच होता. बाबांनी काकींच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाले, "तू बिनघोर जा. हंय पाच तोंडा गोळा करीत कशाक बसू? मोबाईलार घालतंय. थंय बारा हजार आसत."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

काकी गेल्यावर बाबांनी नारळ फळीवरच्या देवीच्या फोटोपुढे ठेवला. खोलीत आम्ही दोघंच. मी मोबाइल धरला.

"बा देवा म्हाराजा. ह्यो माजो सोबती. जन्मात कोणाचा वायट केल्यान नाय."

आणि ते थांबले. 'व्हय म्हाराजा'साठी थांबतात ना, तसे. मोबाइलमधल्या लोकांसाठी त्यांनी जागा सोडली होती.

"उद्या तेच्या काळजाक सुरी लागतली. डाक्टराच्या हातात तू रव. मधीच लायट जावा नको."

थांबले.

"शुद्धीर इल्यार तेका तहान लागतली. पाणी देवचे नाय. तेवढी कड काढूक बळ दी."

थांबले.

"आणि म्हाराजा, तो माज्याहून दोन वर्सांनी ल्हान आसा. रांग मोडा नको."

दर वेळी ते थांबले आणि दर वेळी मी तोंड मिटून उभी राहिले. माझा आवाज व्हिडिओत येईल म्हणून. शिबिरात सांगितलं होतं, कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायचं नाही.

रांग मोडू नको, हे वाक्य ऐकताना माझ्या डोक्यात काय वाजलं, ते सांगायची लाज वाटते. ते तयार हसू वाजलं. हे चालेल, असं मनात आलं. काकांच्या जिवाचं मागणं चाललं होतं आणि माझ्या मनानं तीन सेकंद कापूनसुद्धा ठेवले होते.

"टाक आता," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं आणि टाकला नाही. लोक हसतील, काकांचा तमाशा होईल, म्हणून टाकला नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. त्यात थोडं खरं आहेही. पण त्याच दिवशी गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरींचा व्हिडिओ जायचा होता, आणि ती शिकवणारी मुलगी आमच्या ग्रुपवर सारखी लिहायची की पेजचा मूड बिघडवू नका, सणाच्या तोंडावर रडकं काही नको. मी मोदकांचा टाकला. खरं कारण हे.

संध्याकाळी आम्ही काकांना भेटायला गेलो. हॉस्पिटलच्या गेटपाशी बाबांनी विचारलं, "किती झाले?"

"बारा हजार," मी म्हटलं. दुसरा आकडा सुचलाच नाही.

बाबांनी वर जाऊन काकांना तेच सांगितलं. काका खाटेवर पडल्यापडल्या हसले. "इतक्या लोकांनी सांगल्यार देव घाबरतलो रे," म्हणाले. मी पायथ्याशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, "बाय, तुजे उपकार." मी पाण्याची बाटली भरून आणते म्हणून बाहेर पडले आणि नळापाशी उगाच उभी राहिले.

ऑपरेशन झालं. काका शुद्धीवर आले, आणि तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हृदय फार कमजोर आहे. गाऱ्हाण्यानं माणूस वाचतो असं मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण काकींनी नारळ आणला होता तो पाच तोंडांसाठी. हाका मारल्या असत्या तर काठी टेकत, धापा टाकत का होईना, पाचजण वर आले असते. त्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्याला आवाज दिला आणि त्याच्या गाऱ्हाण्याला एकानंही दिला नाही. ते एक तोंड माझंही असू शकत होतं.

त्यानंतर बाबांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं. तळमजल्यावरची मुलगी नव्या नोकरीचे पेढे आणि नारळ घेऊन आली. बाबांनी पेढा घेतला, नारळ परत दिला. "माका आता जमाचा नाय," म्हणाले. लोकांना वाटलं, सोबती गेल्याचं दुःख आहे. मलाही तसंच वाटत होतं, म्हणजे तसं वाटून घेणं सोयीचं होतं. व्हिडिओचं तर मी नावच काढत नव्हते. खाई त्याला खवखवे.

गणपती आले. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. मूर्ती पाटावर बसवली की बाबांचं गाऱ्हाणं, मग आरती, ही रीत मी जन्मापासून पाहत आलेय. मजल्यावर राहिलेली सगळी माणसं दारात जमली. बाबांनी समई लावली, हात जोडले आणि बाजूला झाले. "करा आरती," एवढंच म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी आरतीचे सूर काही केल्या जुळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑर्डरीचे मोदक वळत होते, बाबा समोर दुर्वांच्या जुड्या बांधत होते. मला राहवेना.

"बाबा, काल गाऱ्हाणं का नाही घातलंत?"

त्यांनी जुडीला दोरा गुंडाळला. "बारा हजार तोंडांनी सांगला, तरी आयकूक नाय. आता माज्या एका तोंडाचा काय घेवन बसलस?" मग हळूच म्हणाले, "आयकणारोच कोण नसतलो. उगाच बोंबललंय जन्मभर."

बाबांच्या तोंडून हे. गिरणी गेली, आई गेली, तेव्हासुद्धा जे आलं नव्हतं, ते. माझ्या हातातली पारी फाटली.

मी सांगून टाकलं. हसण्याच्या आवाजापासून सगळं. लाल बदाम म्हणजे व्हय म्हाराजा नव्हे, हे सांगितलं. काकांचा व्हिडिओ मी टाकलाच नाही, हे सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे बारा हजार नाय?"

"नाही."

"एकानय म्हणाक नाय?"

"नाही बाबा. मीसुद्धा नाही."

दोरा त्यांच्या बोटात तसाच राहिला. मी वाट बघत होते की आता कानाखाली बसेल, आणि बसावी असं मनापासून वाटत होतं. पण बाबा मूर्तीकडे बघत होते.

"मगे तेका कोणी सांगूकच नाय तर," ते म्हणाले. "आणि मी म्हयनोभर तेका गाळी देतंय."

त्यांचा चेहरा सैल झाला. हायसं वाटलं त्यांना. देवानं झिडकारलं नव्हतं, निरोपच गेला नव्हता, आणि निरोप कुणी अडवला ते आता त्यांना कळलं होतं. त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "काकीक ठावक आसा?"

"नाही."

ते पुढची जुडी बांधायला लागले. त्यानंतर दोन-तीन दिवस आम्ही चहा, जेवण, औषधं यांपलीकडे बोललो नाही. मी नवा व्हिडिओ केला नाही, जुने गाऱ्हाण्याचे सगळे पेजवरून काढले. लोकांनी पेजवर विचारलं, गाऱ्हाणेवाले काका बरे आहेत ना? मी उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी विसर्जनाची आरती झाली. मूर्ती हलवायच्या आधी बाबा पुढे झाले, टोपी नीट केली आणि पाटापुढे नारळ ठेवला. दारातल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. काकी यंदा आत येत नव्हत्या, त्या गॅलरीतच कठड्याला धरून उभ्या होत्या. बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"तू आत जा," म्हणाले.

सगळ्यांसमोर. मी मोरीपाशी, पडद्यामागे जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडाला त्या पाचांत जागा नव्हती, आणि का नव्हती ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पडद्याचं टोक मुठीत घट्ट धरून मी ऐकत होते.

बाबांनी घराचं मागितलं, चाळीचं मागितलं. गेलेल्या सोबत्याला जागा दे म्हणाले, थंय तेका सकाळची पाळी नको, तेचो गुडघो दुखता. लोक व्हय म्हाराजा म्हणत होते. मग त्यांचा आवाज थोडा खाली आला.

"आणि म्हाराजा, माज्या चेडवाचा एक चुकला हा. मोठा चुकला हा. काय ता तुका सांगलंय. तेका पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" बाहेरून आवाज आला. सगळ्यांचा, एकदम. आणि त्या सगळ्यांत, गॅलरीतून, काकींचा. काय चुकलं ते काकींना मी अजून सांगितलेलं नाही.